रोटेटर कफच्या ऑपरेशननंतर तपासणी कोणती आणि कधी?

रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याचा गोळा धरून ठेवणाऱ्या चार टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांचं), ऑपरेशन होतं, टाके निघतात, पट्टा सुटतो, व्यायाम सुरू होतो. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी हात वर नेताना कळ येते आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "एक एमआरआय काढून घ्या ना, काय ते एकदाचं कळेल." खांद्याच्या रुग्णांना व्यायाम शिकवणारी फिजिओ म्हणून हे वाक्य माझ्या कानावर रोजचंच. एमआरआय निघतो, रिपोर्टात टेंडनमध्ये "सिग्नल वाढलेला" असं काहीतरी येतं, आणि ज्याचा खांदा मुळात छान सुधारत होता तो माणूस झोप घालवून बसतो.

म्हणून हा लेख. पहिल्यांदाच या वाटेने जाणारे रुग्ण, त्यांच्यासोबत फायली घेऊन फिरणारी मुलं-सुना आणि फिजिओच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय. ऑपरेशन झालेल्या खांद्याचा फोटो न झालेल्या खांद्यासारखा वाचायचा नसतो. शिवाय एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय आणि सीटी या चौघांना वेगवेगळं दिसतं. कोणाला काय विचारायचं ते आधी ठरलं नाही, तर पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही.

आत नेमकं काय केलंय

खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंचे टेंडन धरून असतात. वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. फाटतं ते बहुतेक वेळा वरचं, सुप्रास्पायनेटसचं. सर्जन दुर्बिणीतून हाडात छोटे अँकर बसवतो, त्यांचे दोरे टेंडनमधून ओवतो आणि टेंडन हाडावर ओढून बांधतो. कधी अँकरची एक ओळ, कधी दोन.

दोरे टेंडनला फक्त धरून ठेवतात. खरं काम टेंडन हाडाला रुजण्याचं, आणि त्याला महिने लागतात. म्हणून चार ते सहा आठवडे पट्टा, तोवर हात स्वतःच्या जोरावर उचलायचा नाही, आणि ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. पुन्हा फाटायचं असेल तर ते बहुतेक वेळा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फाटतं. तपासणीची वेळ ठरवताना हा काळ डोक्यात ठेवायचा.

पायरी १: कागद गोळा करा

डिस्चार्ज कार्डावर बरेचदा "आर्थ्रोस्कोपिक कफ रिपेअर, उजवा" एवढंच असतं. ते पुरत नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. तिच्या शेवटच्या पानावर किंवा पाठीमागे अँकरच्या डब्यांवरचे छोटे स्टिकर डकवलेले असतात. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर आणि अँकर कशाचा आहे हे छापलेलं असतं. टायटॅनियमचा, पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा, हाडात हळूहळू विरघळणारा, की नुसत्या दोऱ्याचा. हे बोटभर स्टिकर पुढच्या प्रत्येक तपासणीत कामाला येतात, म्हणून त्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवाच. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या फायलींचं काय होतं ते सांगायला नको.

ऑपरेशन नोटमध्ये आणखी एक ओळ शोधा: बायसेप्सचं काय केलं? खांद्यातून जाणारं बायसेप्सचं लांब टेंडन खराब असलं तर सर्जन ते मुद्दाम कापून सोडतो किंवा खाली हाडाला बांधतो. हे रेडिऑलॉजिस्टला कळवलं नाही तर रिपोर्टात "बायसेप्स टेंडन जागेवर दिसत नाही, तुटल्याची शक्यता" असं येतं आणि घरात रडारड सुरू होते. ते तुटलेलं नसतं, सर्जननेच कापलेलं असतं.

ऑपरेशनच्या आधीचा एमआरआयसुद्धा सोबत हवा. कागदी रिपोर्ट नव्हे, सीडी. फाट मुळात केवढी होती हे माहीत नसेल तर आताची स्थिती सुधारलेली की बिघडलेली हे सांगणं अवघड जातं.

पायरी २: प्रश्न एका ओळीत लिहा

"खांदा दुखतो" हा तपासणीचा प्रश्न होत नाही. सर्जनला किंवा फिजिओला विचारा, या फोटोतून नेमकं काय शोधायचंय? साधारणपणे उत्तर यांपैकी एक असतं: बांधलेलं टेंडन अखंड आहे का, अँकर जागेवर आहेत का, हाड ठीक आहे का, आत पू किंवा संसर्ग आहे का, आणि दुसरं ऑपरेशन करायचं झालं तर स्नायूत अजून जीव आहे का.

सहावी शक्यता मी मुद्दाम वेगळी काढते, कारण ऑपरेशननंतर दुखणाऱ्या खांद्यांत ती वारंवार भेटते आणि तिच्यासाठी बहुधा कसलाच फोटो लागत नाही: खांदा आखडणं. रुग्णाला उताणं झोपवून, कोपर कुशीला लावून, दुसऱ्याने हात हळूच बाहेर फिरवून पाहिला तर तो पुढे जातच नाही. टेंडन फाटलेल्या खांद्यात उलट असतं. दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, रुग्णाला स्वतःला मात्र उचलता येत नाही. हा फरक तपासायला दोन मिनिटं लागतात. मधुमेह असेल तर आखडण्याचा धोका वाढतो, टेंडन रुजायलाही अडचण येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात आढळलं होतं, २६.४ टक्के. त्यामुळे खांदा आखडलाय म्हणून कोणी आलं की मी एमआरआयच्या आधी साखरेचा ताजा रिपोर्ट मागते.

प्रश्न ठरला की डॉक्टरांना चिठ्ठीवर तो लिहायला सांगा. चांगली चिठ्ठी अशी असते: "उजवा खांदा, सुप्रास्पायनेटसची दुरुस्ती, दोन ओळी, टायटॅनियमचे अँकर, बायसेप्स कापून सोडला आहे, ऑपरेशनला पाच महिने. पडल्यानंतर हात वर उचलताना जोर कमी. दुरुस्ती अखंड आहे का?" एवढं वाचलं की रेडिऑलॉजिस्ट योग्य जागी पाहतो. नुसतं "एमआरआय शोल्डर" लिहिलं तर तो सगळीकडे पाहतो आणि दिसेल ते सगळं लिहितो.

एक गोष्ट मात्र थांबू नये अशी. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाली, रोज वाढत जाणारं ठणकणं यांपैकी काही असेल तर तपासणीच्या नंबरची वाट पाहू नका, सर्जनला त्याच दिवशी फोन करा. खांद्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस नावाचा एक संथ जंतूही घर करतो. त्याचा ना धड ताप येतो ना फोटोत फारसं काही दिसतं. रक्ताची तपासणी, आणि गरज पडली तर सुईने आतलं पाणी काढून त्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं), हाच तिथला मार्ग. ते कल्चर लॅबमध्ये दोन आठवड्यांपर्यंत ठेवावं लागतं, हे सर्जनने लॅबला आधी सांगायचं असतं.

पायरी ३: एक्स-रे, स्वस्त आणि उगाच हिणवलेला

एक्स-रेत टेंडन दिसत नाही, म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. पण धातूचा अँकर हाडातून सरकून बाहेर आलाय का, हाडाला चीर गेलीय का, सांधा झिजलाय का हे सगळं त्यात दिसतं. पीकचे, विरघळणारे किंवा दोऱ्याचे अँकर मात्र एक्स-रेत दिसत नाहीत, फार तर हाडातलं त्यांचं भोक दिसतं. "डॉक्टर, अँकरच नाहीत की!" म्हणून घाबरून फोन करण्याआधी ते स्टिकर पाहा.

एक्स-रेवर आणखी एक गोष्ट मोजता येते, खांद्याचा गोळा आणि त्यावरचं छत म्हणजे अ‍ॅक्रोमियन यांतलं अंतर. साधारणपणे ते ७ ते १४ मिलिमीटर असतं. ते ७ च्या खाली गेलं, गोळा वर सरकलेला दिसला, तर टेंडन मोठ्या प्रमाणात गेल्याचा संशय घ्यायचा. फक्त ऑपरेशनआधीच्या एक्स-रेशी ताडून बघा, कारण काहींचं अंतर मुळातच कमी झालेलं असतं.

पायरी ४: सोनोग्राफी

खांद्याची सोनोग्राफी म्हटलं की निम्मे लोक उपाशीपोटी येतात आणि उरलेले दोन बाटल्या पाणी पिऊन. दोन्हीची गरज नाही. पोटभर जेवून, पुढून उघडणारा शर्ट किंवा सैल ब्लाऊज घालून जा.

"टेंडन अखंड आहे का" या प्रश्नासाठी, हाताळणारा तयारीचा असेल तर, माझी पहिली पसंती सोनोग्राफीलाच. धातूच्या अँकरमुळे एमआरआयचं चित्र जसं बिघडतं तसं हिचं बिघडत नाही. दुसऱ्या, चांगल्या खांद्याशी तिथल्या तिथे तुलना होते. आणि खांदा हलताना दिसतो. प्रोब खांद्याच्या कडेला ठेवून डॉक्टर म्हणतात, "आता हात हळूच बाजूने वर न्या." पडद्यावर टेंडनची करडी पट्टी छताखाली सरकताना दिसते. ती सलग सरकली तर बरं. ती मध्येच तुटली, हाडावरचा भाग जागीच राहिला आणि आतला भाग एकटाच सरकला, तर रुग्णालासुद्धा काय झालंय ते पडद्यावर समजतं. पेडण्याच्या एका आजोबांनी डॉक्टरांच्या आधीच सांगितलं होतं, "सुटलंय ते." खरंच सुटलेलं होतं.

अचूकतेबद्दल एक आकडा सांगते. ऑपरेशननंतरही दुखणाऱ्या खांद्यांची सोनोग्राफी करून मग दुर्बिणीने आत पाहून ताडलेला एक अमेरिकी अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोनोग्राफीचं उत्तर ८९ टक्के वेळा बरोबर निघालं. अर्थात ते यंत्र हाताळणारे लोक खांद्यातच मुरलेले होते. पोटाची आणि गरोदरपणाची सोनोग्राफी दिवसभर करणाऱ्या सेंटरवर महिन्यातून एखादा खांदा येत असेल तर तिथून तोच आकडा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फोनवर सरळ विचारा, "ऑपरेशन झालेल्या खांद्याची सोनोग्राफी तुमच्याकडे नेहमी होते का? करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात?" विचारण्यात कमीपणा नाही, आणि नीट उत्तर मिळालं तर फोंडा-म्हापसा-मडगाव जिथे असेल तिथे एक फेरी सार्थकी लागते.

मर्यादाही आहेत. ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे छताखाली आत ओढलं गेलेलं टेंडनचं टोक, सांध्याच्या आतली कड, हाडाच्या आतली सूज यातलं काही दिसत नाही. दोन ओळींच्या दुरुस्तीत कधीकधी हाडावरचा भाग पक्का बसलेला असतो आणि फाट त्याच्या आतल्या बाजूला, स्नायूकडे पडते. ती छताच्या सावलीत असेल तर सोनोग्राफीत निसटू शकते. आखडलेल्या खांद्यातही अडचण येते, कारण टेंडन छताखालून बाहेर आणायला हात मागे न्यावा लागतो.

त्यावरून एक ताकीद. पहिल्या सहा आठवड्यांत सोनोग्राफी करायची वेळ आलीच तर हात पाठीमागे ओढून नेऊ देऊ नका. त्या स्थितीत नुकतंच बांधलेलं टेंडन ताणलं जातं. एका सेंटरवर "अजून थोडा मागे, अजून थोडा" करत टाक्यांच्या तिसऱ्या आठवड्यात एका बाईंचा हात कमरेमागे नेला होता. सोबतच्या मुलीने हटकलं म्हणून थांबले. "ऑपरेशन ताजं आहे, जेवढा सहज जाईल तेवढाच नेईन," असं आधीच सांगा. समजूतदार डॉक्टर तेवढ्यात भागवतात.

पायरी ५: एमआरआय

सोनोग्राफीत नीट कळलं नाही, खांदा आखडलेला आहे, सांध्याच्या आत किंवा हाडात काही असल्याचा संशय आहे, किंवा दुसऱ्या ऑपरेशनचा विचार चाललाय, तर एमआरआय. फाट किती रुंद, टेंडनचं टोक किती आत गेलंय आणि स्नायूत किती चरबी शिरलीय हे एकाच बैठकीत दाखवणारी दुसरी सोपी तपासणी नाही.

"आत लोखंड आहे, एमआरआय चालेल का?" हा प्रश्न हटकून येतो. अँकर टायटॅनियमचे असतात किंवा बिनधातूचे, त्यांना चुंबक ओढत नाही. तरी स्टिकर दाखवा, तंत्रज्ञाची खातरी होते. विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत: पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला कण. वास्कोच्या बाजूला जहाजदुरुस्तीचं काम केलेली माणसं बरीच, म्हणून हा शेवटचा प्रश्न मी आवर्जून विचारते.

अँकर ओढला जात नसला तरी धातूचा अँकर चित्रात भोवती काळा-पांढरा धबधबा उडवतो आणि नेमकी टेंडन रुजायची जागा त्यात झाकली जाते. याला उपाय आहेत, पण ते तंत्रज्ञाला आधी माहीत असावे लागतात. चरबी दाबण्याची नेहमीची पद्धत धातूजवळ फसते, तिथे स्टर किंवा डिक्सन पद्धत वापरतात, ग्रेडियंट एको टाळतात, बँडविड्थ वाढवतात (ही सगळी एमआरआय काढायच्या पद्धतींची आणि सेटिंगची नावं, तंत्रज्ञाला कळतात). आणि ज्या सेंटरची जाहिरात "तीन टेस्लाचं मशीन" म्हणून लागलेली असते ते तुमच्यासाठी चांगलंच असेल असं नाही. धातूमुळे होणारा बिघाड जास्त ताकदीच्या चुंबकात वाढतो. टायटॅनियमचे चार-पाच अँकर असतील तर दीड टेस्लाचं यंत्र बरेचदा उजवं ठरतं. पीकचे किंवा दोऱ्याचे अँकर असतील तर खुशाल तीनवर जा.

यंत्रात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं असतं आणि ऑपरेशन झालेल्या खांद्याला उताणं झोपणं फार आवडत नाही. नेहमीची वेदनाशामक गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून त्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या. कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवायला सांगा. मंगळसूत्र, पिना, ऐकायचं यंत्र घरीच. सुजलेल्या हातातून न निघणाऱ्या सोन्याच्या पाटल्यांबद्दल आदल्या दिवशी फोन करून विचारा. ऐनवेळी साबण लावून ओढाताण करण्यात खांद्याचं भलं नाही. बंद जागेची भीती असेल तर तीही आधी सांगा.

खर्चाचं म्हणाल तर एमआरआय सोनोग्राफीच्या कितीतरी पट महाग. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उपचार चालू असतील तर तिथल्याच डॉक्टरांना तिथे नंबर लागतो का ते विचारा. दोडामार्ग-सावंतवाडीकडून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीचा हिशेब धरून सकाळची वेळ मागावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड हातात आहे म्हणून बाहेरच्या सेंटरचा एमआरआय त्यात बसेलच असं धरून चालू नका, आधी काउंटरवर विचारा.

पायरी ६: सीटी आणि सांध्यातलं इंजेक्शन

पेसमेकरमुळे एमआरआय होत नाही, किंवा धातूने तो पार बिघडलाय, तेव्हा सांध्यात आयोडीनचं औषध टोचून सीटी काढतात. हाड आणि अँकर त्यात छान दिसतात. किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा बराच जास्त, शिवाय सुई सांध्यात जाते म्हणून संसर्गाचा थोडा धोका. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. बिनइंजेक्शनचा सीटी मुख्यत्वे हाडासाठी: अँकरभोवतीचा पोकळ भाग, किंवा पुढे कृत्रिम सांधा बसवायचा असेल तर त्याची आखणी.

एमआरआयच्या आधी सांध्यात औषध टोचून काढायचा प्रकारही आहे. तो कोणी सुचवला तर एवढं लक्षात ठेवा की टोचलेलं औषध सांध्यातून टेंडनच्या वरच्या पिशवीत (बर्सात) झिरपलं म्हणजे टेंडन पुन्हा फाटलं, हा न ऑपरेशन झालेल्या खांद्याचा नियम इथे तसाच लागू होत नाही. दुरुस्ती पक्की असूनही ती पाणीबंद नसते, थोडं झिरपू शकतं.

पायरी ७: कितव्या महिन्यात काय

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत काही सर्जन एक एक्स-रे काढून ठेवतात, पुढे ताडून बघायला. तो जपून ठेवा. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत, पडणं, अचानक "टक्" आवाज होऊन जोर जाणं किंवा संसर्गाची लक्षणं नसतील, तर फोटोंच्या मागे लागू नका. या काळात आत पाणी, सूज, रक्त असतंच आणि सोनोग्राफी, एमआरआय दोन्ही गोंधळात टाकतात.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, ताकद अपेक्षेप्रमाणे येत नसेल तर सोनोग्राफी. या वेळेला तिचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. सगळं ठीक असताना सहाव्या महिन्याला नेमाने एमआरआय काढायला सांगणारे सर्जन आहेत, न सांगणारेही आहेत. मला विचाराल तर, ज्याचा हात वर जातोय, रात्री झोप लागतेय आणि ताकद वाढतेय, त्याच्या एमआरआयने व्यायामात काही बदल होणार नसेल तर तो काढायचा कशाला? मोठी फाट होती, टेंडन कुजकं होतं, किंवा माणसाला जड कामावर परत जायचंय, तिथे गोष्ट वेगळी. नारळावर चढणारा पाडेली किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारा माणूस कामावर परत जाण्याआधी टेंडन अखंड आहे का ते पाहून घेणं शहाणपणाचं.

पुन्हा तपासणी करायची झाली तर शक्यतो तीच पद्धत, तेच सेंटर. मार्चमधली सोनोग्राफी आणि ऑगस्टमधला एमआरआय यांची मिलिमीटरची मापं एकमेकांशी ताडू नयेत.

पायरी ८: रिपोर्ट वाचताना

"टेंडनमध्ये सिग्नल वाढलेला", "टेंडन एकसारखं दिसत नाही", "वरच्या पिशवीत थोडं पाणी", "टेंडन जाड किंवा पातळ". या चार वाक्यांनी घाबरू नका. दुरुस्त केलेलं टेंडन ऑपरेशन न झालेल्यासारखं दिसतच नाही, निदान वर्षभर तरी. नव्या गिलाव्याची भिंत सुकेपर्यंत डागाळलेली दिसते, तसंच. विरघळणाऱ्या अँकरभोवती हाडात थोडं पाणी दिसणं हेही नेहमीचं.

जिथे थांबून वाचायचं ते शब्द म्हणजे "फुल थिकनेस" (पूर्ण जाडीची फाट), "गॅप" (मधली फट) आणि "रिट्रॅक्शन" (टोक आत ओढलं जाणं), आणि त्यांच्यापुढची मिलिमीटरची मापं. एमआरआयसाठी जपानी सर्जन हिरोयुकी सुगाया यांची पाच पायऱ्यांची वर्गवारी बरीच वापरली जाते. पहिल्या दोन पायऱ्यांत टेंडनची जाडी पुरेशी असते. तिसरीत ते पातळ पण सलग. चौथीत एक-दोन छेदांत छोटी फट, पाचवीत मोठी. चौथी-पाचवी म्हणजे पुन्हा फाटलेलं असं धरतात. रिपोर्टात ही पायरी लिहिलेली नसेल तर सर्जनला विचारा, "सुगायाप्रमाणे कितवा?" हा एक प्रश्न विचारला की पुढचं बोलणं बरंच सोपं होतं.

स्नायूतल्या चरबीसाठी गुतालिए यांची शून्य ते चार अशी मोजणी आहे, १९९४ साली मुळात सीटीवर बांधलेली आणि आता एमआरआयवरही वापरतात. तिसऱ्या पायरीला स्नायू आणि चरबी निम्मी-निम्मी, चौथीला चरबी जास्त. शिरलेली चरबी टेंडन पुन्हा बांधलं तरी सहसा मागे जात नाही, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय बरेचदा या आकड्यावर अडतो.

"पुन्हा फाटलंय" असं आलं तर

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटी दुर्बिणीने शिवलेल्या १८ रुग्णांची वर्षानंतर सोनोग्राफी केली. १८ पैकी १७ खांद्यांत टेंडन पुन्हा फाटलेलं निघालं. तरीही त्या वेळी त्या लोकांचं दुखणं कमी झालं होतं आणि हात कामाला येत होते. त्याच रुग्णांचे निकाल पुढच्या वर्षी थोडे घसरले, हेही त्यात नोंदवलंय. म्हणजे फाट दिसली की लगेच दुसरं ऑपरेशन असं नाही, आणि दुर्लक्ष करून विसरून जायचं असंही नाही.

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीतल्या एका काकांच्या रिपोर्टात सुगायाची चौथी पायरी होती. त्यांना फिकीर एकाच गोष्टीची, चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायला हात वर जाईल का? स्टुलावर उभं राहून हात डोक्यावर धरून राहणं, हीच आम्ही त्यांची परीक्षा ठेवली, आणि सर्जनने व्यायाम चालू ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायचं ठरवलं. तोच रिपोर्ट चाळिशीतल्या पाडेल्याचा असता, पडल्यावर अचानक जोर गेलेला असता आणि स्नायूत चरबी कमी असती, तर त्याच सर्जनने बहुधा लवकर पुन्हा शिवायचं सुचवलं असतं.

म्हणून सर्जनकडे जाताना फक्त रिपोर्ट घेऊन जाऊ नका. हात पुढून कितपत वर जातो, बाजूने कितपत, रात्री दुखण्याने जाग येते का, कोणतं काम अडतंय, हे चार मुद्दे कागदावर लिहा, फिजिओकडून ताकदीची नोंद घ्या आणि सीडीसह टेबलावर ठेवा. सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही असं हमखास होतं, तेव्हा सेंटरकडून लिंक किंवा पेन ड्राइव्हवर प्रत आधीच मागून ठेवा.